निमोण्याची निरोप-पेटी

सोमवार, ८ जुलै १९७४. शिरूर

ही वही आबांची, रेल्वेकडून मिळालेली. पहिल्या पानांवर त्यांच्या अक्षरात मालगाड्यांच्या वेळा आहेत आणि आठ मेपासून पुढे सगळं कोरं. आठ मेला संप सुरू झाला, आबा बारा दिवस आत राहून आले, आणि अजून दौंडच्या यार्डात त्यांना कोणी उभं करत नाही. "कोरी कशाला ठिवायची? तू लिही," म्हणाले. तर लिहिते.

मी सुलोचना ज्ञानदेव ओव्हाळ. मॅट्रिक, टायपिंगची परीक्षा पास. दूध संघाच्या शिरूर कचेरीत एक एप्रिलपासून टेलिफोन ऑपरेटर, सहा महिने उमेदवारीवर. तीस सप्टेंबरला कायम करतील किंवा घरी पाठवतील. सध्या आमच्या घरात कामावर जाणारी मी एकटीच, त्यामुळे कायम व्हायचंच आहे.

बोर्डावर बाहेरची लाइन एक, आतले फोन आठ. पण संघाची गाडी जाते त्या दहा गावांत कुठेच फोन नाही. म्हणून मुंबई-पुण्याला गेलेले सगळे इथेच फोन करतात. कुणाची सून बाळंत झाली, कुणाला कामावर बोलावलंय. मी चिठ्ठीवर लिहिते, शिपाई ती तारेला टोचतो, आणि मग ती चिठ्ठी आणि नशीब. आज तारेच्या तळाशी माझ्याच अक्षरातली चिठ्ठी सापडली, तीन आठवड्यांपूर्वीची. "मामा गेले, लगेच निघा." आधी लाज वाटली, मग राग आला. रागाचं काहीतरी करता येतं.

गुरुवार, ११ जुलै

मॅनेजर वैद्य साहेबांना योजना सांगितली. लोण्याच्या रिकाम्या खोक्यांची फळी करायची, तिला बारा खण. दहा गावांचे दहा, कचेरीचा एक आणि चेअरमनसाहेबांचा एक. माणसागणिक खण परवडणार नाही, म्हणून गावाचा मिळून एकच खण. सकाळी दुधाची गाडी निघाली की खणातल्या चिठ्ठ्या गाडीबरोबर जातील आणि गावातल्या पेटीत पडतील. ज्याचा निरोप त्याने येऊन न्यावा. उलट निरोप त्याच पेटीतून परत.

"बाई, हा दूध संघ आहे, पोस्ट नाही," साहेब म्हणाले.

"पोस्टात कुणी दूध घालत नाही साहेब, पण आपल्याकडे निरोप रोज येतात."

हसले. म्हणजे अर्धं काम झालं. निमोण्याच्या गाडीचा ड्रायव्हर जालिंदर दारात उभा होता. कारेगावचा आहे, त्याला प्रत्येक गोष्टीत शेपूट जोडायची सवय. म्हणाला, "पेट्या टांगा बाई, पर पेटीला पाय कुठं असत्यात?"



शुक्रवार, १९ जुलै

चेअरमन आप्पासाहेबांची नियमांवर सही झाली! चार नियम, माझ्या हाताने टाइप केलेले. एक, निरोप सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहायचा, क्रमांक आणि वेळ घालायची, वाचून दाखवायचा. दोन, गावाची पेटी एक, ती सगळ्यांची. तीन, एकदा नोंदलेला निरोप कोणीही खोडायचा नाही. चार, सगळ्यांच्या उपयोगाचा निरोप सगळ्या पेट्यांत टाकायचा.

पेट्यांना कुलूप आहे, किल्ली गावातल्या जबाबदार माणसाकडे. जागा मी नकाशावर ठरवल्या, पावसापासून आडोशाची बघून. निमोण्याला तर संचालक पोपटराव स्वतः म्हणाले, माझ्या ओसरीवर टांगा. पक्कं घर, पाच पायऱ्यांची उंच ओसरी, वर कौलं. एक थेंब येणार नाही.

जालिंदर म्हणाला, "पोपटरावांच्या वसरीवर? बाई, तुमी निमोणं बघितलंय का?"

"पाऊस बघितलाय," मी म्हटलं.

शुक्रवार, २ ऑगस्ट

पंधरा दिवसांत एकशे बारा निरोप. भांडगावच्या एकाने परतीच्या चिठ्ठीत लिहिलं, "टेलिफोनवाल्या बाईस आशीर्वाद." मी ती चिठ्ठी या वहीत ठेवली आहे. गर्व म्हणा हवं तर.

निमोण्याची एकही तक्रार नाही. सगळ्यांत शिस्तीचं गाव. तिथल्या बौद्धवाड्यातल्या आपल्या लोकांचे निरोप जातात, पण त्यांच्याकडून परतीची चिठ्ठी कधी येत नाही. लिहिता येत नसेल. आणि भांडुपहून साळूबाईचा फोन आला, आईसाठी, चौथ्यांदा. आई म्हणजे निमोण्याच्या पुतळाबाई, पोपटरावांच्या मातोश्री. साळूबाईने मनाने लग्न केलं म्हणून भाऊ बोलत नाही, पण आईने तरी उत्तर द्यावं. म्हातारी हट्टी दिसते.

एकच खटकतं. जालिंदर निमोण्याहून रोज अर्धा तास उशिरा येतो. विचारलं तर म्हणतो, "वाटंत मानसं भेटत्यात." भेटणारच! दूध नासेपर्यंत गप्पा मारा. वैद्य साहेबांकडे लेखी तक्रार केली.

शनिवार, १० ऑगस्ट

जालिंदरला सोमवारपासून भांडगावच्या गाडीवर टाकलं. निमोण्याला दुसरा ड्रायव्हर. जाताना जालिंदर माझ्याकडे बघून नुसता हसला. वाईट नाही हसला, त्यामुळे जास्त चिडले.

मंगळवार, १३ ऑगस्ट

निमोण्याची गाडी आज वेळेवर, घड्याळ लावावं अशी.

सकाळी नऊला पुण्याच्या दवाखान्यातून फोन. निरोप क्रमांक १८७. "निमोण्याच्या वाड्यातील सोजरबाई यांस. मालक कोंडिबा यांच्या पायावर मार्केट यार्डात पोती पडली. रक्त द्यायला आणि ऑपरेशनच्या संमतीचा अंगठा द्यायला घरच्या माणसाने लगेच यावे." गाडी थांबवून चिठ्ठी दिली. दहाच्या आत पेटीत पडली असेल. तारेच्या जमान्यात हीच चिठ्ठी तीन आठवडे लटकली असती.

सोमवार, १९ ऑगस्ट

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

दुपारी एक बाई कचेरीत आली. पायात काही नाही, हातात पिशवी. "निरोप घेनारी बाई तूच का?"

"हो."

"आडनाव काय गं तुजं?"

"ओव्हाळ."

तिने पिशवी खाली ठेवली. "मंजी आपलीच. जयभीम. मंग पेटी तितं कशी टांगलीस गं?"

ती सोजरबाई. तिचा निरोप तीन दिवस पेटीत पडून होता. आपल्या माणसांनी पोपटरावांच्या ओसरीवर चढायचं नाही, अशी निमोण्यात पद्धत आहे. खाली अंगणात उभं राहून हाक मारायची. घरातून आवाज येतो, मालक न्हाईत, किल्ली त्येंच्याजवळ. आणि पेटीत कुणाचं नाव आहे हे तर वर चढल्याशिवाय कळतच नाही.

"आधी जालिंदर यायचा वाड्यात," ती म्हणाली. "गाडी हुबी करून, चिठ्ठ्या हातात घिऊन, हाका मारत. पेटीत टाकायचाच न्हाई आमच्या. मंग त्यो बंद झाला. शुक्रवारी वाटंत गाठ पडला, म्हनला, कोंडिबा कसा हाय? मी म्हनलं, त्येला काय झालंय?"

कोंडिबाचा पाय गुडघ्यापासून काढला. डॉक्टरांनी दोन दिवस घरच्या माणसाची वाट बघितली.

"तीन दिस दाराकडं बघत व्हतो म्हनला. आता माज्यासंगं बोलत न्हाई. त्येला वाटतं मला निरोप मिळाला व्हता."

मी दौंडच्या रेल्वे चाळीत वाढले. तिथे शेजारच्या अँथनीच्या आईचा चमचा आमच्या पातेल्यात असायचा आणि आमची उतरंड तिच्या स्वयंपाकघरात. म्हणून मी नकाशावर कोरडी जागा बघितली आणि तिथे कोण चढू शकतं ते बघितलं नाही. मी, आबांची मुलगी! दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला उभा फाडला असता. आणि जो माणूस माझी चूक रोज अर्धा तास पायी चालून निस्तरत होता, त्याची मी तक्रार केली.

मंगळवार, २० ऑगस्ट

तक्रार लेखी मागे घेतली, माझी चूक असं कारण लिहून. जालिंदर पुन्हा निमोण्याच्या गाडीवर. त्याची माफी मागितली तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमी पाऊस बघितला व्हता." लागलं, पण लागायलाच हवं होतं.

पोपटराव कचेरीत आले होते. मी पेटी ओसरीवरून हलवायची म्हटलं. ते रागावले नाहीत, हेच वाईट. "आमची काय ना न्हाई बाई. वाड्याला येगळी पेटी करा. लाकूड माजं, सुतार माजा. निळा रंगबी मीच देतो."

वैद्य साहेबांचा चेहरा उजळला. "बघा, किती मोठं मन."

"नियम दोन," मी म्हटलं. "गावाची पेटी एक."

पोपटराव उठले. ते गेल्यावर साहेब हळू आवाजात म्हणाले, "तीस सप्टेंबर लांब नाही बाई."

रविवार, २५ ऑगस्ट. दौंड

आबांना सगळं सांगितलं. एक गोष्ट मला छळते आहे, ती पण सांगितली. वेगळी पेटी आधीच असती तर सोजरबाईला निरोप वेळेवर मिळाला असता. कोंडिबाचा पाय राहिला असता. मग मी कोणाच्या पायावर हट्ट करते आहे?

आबा बराच वेळ विडी वळल्यासारखं बोट चोळत बसले. विडी नव्हती. मग म्हणाले, "सुले, आमच्या टेशनात घंटा किती?"

"एक."

"फस्क्लासाची येगळी घंटा कवा ऐकलीस? एकच हाय म्हनून ती येळेवर वाजती. आपल्यापुरती येगळी असती ना, तर वाजवायचं ध्यान कुनाला ऱ्हायलं असतं?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "माज्या कामाचा इचार करून तू वाकू नगंस. मी वाकलो न्हाई."

बुधवार, २८ ऑगस्ट

रजेचा अर्ज टाकला आणि जालिंदरच्या गाडीतून निमोण्याला गेले. बरोबर हातोडी, खिळे, रेक्झिनचा तुकडा.

पोपटराव ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. मी पायऱ्या चढायला लागले. माझं आडनाव त्यांना माहीत आहे, अंगणात जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं. भीतीने मी पायऱ्या मनात मोजत चढले, हे इथे लिहून ठेवते, कारण बाहेर मी कुणालाच सांगणार नाही.

"बाई, खाली उतरा."

"पेटी संघाची आहे. काढून झाली की उतरते."

कोणी हात लावला नाही. काढली आणि उतरले.

एसटी थांब्याच्या भिंतीवर पेटी ठोकली, वर रेक्झिनची झापड. तिथे सगळेच उभे राहतात, एसटी कुणाची वाट बघत नाही. पोपटराव मागोमाग आले होते, पण किल्ली देईनात. जालिंदरने गाडीतली लोखंडी टॉमी आणली आणि कुलूप उचकटलं. आत चिठ्ठ्यांचा गठ्ठा. बऱ्याच वाड्यातल्या. आणि सहा चिठ्ठ्या एकाच नावाच्या.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली. डोक्यावरून पदर, नाकात मोठी नथ. "माज्या साळूचा काई निरोप हाय का गं?"

पुतळाबाई! मी हट्टी म्हटलेल्या. सहाही चिठ्ठ्या त्यांच्यासाठीच्या. वाचता येत नाही म्हणाल्या, म्हणून तिथेच मोठ्याने वाचल्या. पहिलीत नातू झाल्याचं होतं. सहावीत होतं, "आई, तू मेलीस का मला मेली समजतेस, एवढं तरी कळव."

म्हातारीने लेकाकडे बघितलं. पोपटराव घराकडे वळले तेव्हा तिने गर्दीत उभ्या असलेल्या सोजरबाईचा हात धरला, काठी धरावी तसा, आणि मला म्हणाली, "लिही. जित्ती हाय म्हनावं."

परतीचा निरोप क्रमांक २३१.

गुरुवार, ५ सप्टेंबर

मेमो आला. "गावात तेढ निर्माण करणे, संचालकांच्या घरात विनापरवाना प्रवेश." वैद्य साहेबांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, चार ओळींची माफी लिहा, पेटी पुन्हा ओसरीवर जाऊ द्या, वाड्याला दुसरी देऊ, मी तुम्हाला कायम करून घेतो. माणूस वाईट नाही. त्यांनाही घर आहे.

माफी लिहून बघितली. तीनदा. पहिली लांब झाली. दुसरीत खोटं जास्त. तिसरीत "मी दिलगीर आहे की" इतकं लिहिलं आणि पुढे सोजरबाईचं नाव आपोआप आलं. दिलगीर आहेच मी, पण ज्याची माफी मागायची तो निमोण्यात खाटेवर पडलाय.

तिन्ही कागद फाडले.

गुरुवार, १२ सप्टेंबर

कोणीतरी पेटी उखडून विहिरीत टाकली. जालिंदरने सांगितलं तेव्हा बोर्डावर दोन फोन आल्याची शटर पडलेली होती आणि मला एकही ऐकू येत नव्हतं.

"रडू नगा," तो म्हणाला. "आदी पुढचं ऐका. सांजच्याला सोजरबाईनं डालड्याचा डबा आनून त्याच खिळ्याला टांगला. डब्याला भोक पाडाया पोपटरावांच्या आईनं घरातनं खिळा दिला."

"मी रडत नाहीये."

"व्हय, दिसतंय," म्हणाला आणि स्वतःचा रुमाल टेबलावर विसरून गेला. उद्या परत द्यायला हवा. विसराळू माणूस आहे.

शनिवार, २८ सप्टेंबर

सकाळी ११.४०. आप्पासाहेबांचा पुण्याहून ट्रंक कॉल.

"निरोप घ्या. ऑपरेटरसाठी."

पेन हातात होतं. लिहिला. क्रमांक ३४१. "ऑपरेटरला कायम केलेले नाही. एक तारखेपासून येऊ नये." नियम एकप्रमाणे वाचून दाखवला, मोठ्याने. कचेरीतली टाइपरायटरं एकेक करून थांबली.

"कारण काय लिहू साहेब?"

"कारण लिहायचं नाही."

"मग 'कारण सांगितले नाही' असं लिहिते."

"बाई, तो निरोप कुठं टाकू नका. तुमच्यापुरता ठेवा."

"साहेब, एक तारखेपासून निरोप कोण घेणार, हा दहा गावांच्या उपयोगाचा प्रश्न आहे. नियम चार. आणि नोंदलेला खोडता येत नाही. नियम तीन. दोन्हीवर तुमची सही आहे."

फोन आपटल्याचा आवाज आला. मी कार्बन लावून अकरा प्रती केल्या. एक कचेरीच्या खणात, दहा गावांच्या. माझं अक्षर आज फार सुरेख आलं.

सोमवार, ३० सप्टेंबर

आज गाड्या परत आल्या त्या चिठ्ठ्या घेऊन. एरवी दहा-पाच असतात. मी एकेकीला क्रमांक घालत बसले. भांडगावचे लोक लिहितात, आमचा निरोप दुसऱ्या कोणी घेतलेला चालणार नाही. कारेगावहून सात चिठ्ठ्या.

निमोण्याची एकच. जालिंदरच्या अक्षरात, पण खाली दोन अंगठे, शेजारी शेजारी, एकाच शाईचे. सोजरबाई आणि पुतळाबाई. "चेअरमनसायबास्नी निरोप. डबा हितंच ऱ्हाईल. बाईबी तितंच ऱ्हावी." त्याखाली वेगळ्या, थरथरत्या अक्षरात एक ओळ. "सोजरला निरोप मिळाला नव्हता हे मला कळले. कोंडिबा."

मी सगळ्या चिठ्ठ्या चेअरमनसाहेबांच्या खणात ठेवल्या. सत्तावीस. पत्ता त्यांचाच होता.

वैद्य साहेब घरी जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "लेखी ऑर्डर अजून आलेली नाही," म्हणाले. "ट्रंक कॉलवर माणूस काढता येतो की नाही, मला नियम बघावा लागेल. दोन-चार दिवस लागतील." आणि छत्री घेऊन गेले.

मंगळवार, १ ऑक्टोबर

साडेआठला आले. खुर्ची पुसली, हेडफोन लावला. शिपायाने माझ्याकडे बघितलं आणि रोजच्यासारखा चहा आणून ठेवला. मला कायम केलेलं नाही आणि काढलेलंही नाही. आबांना काय कळवायचं ते ठरत नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी बाहेरची लाइन वाजली.

"नमस्कार, दूध संघ."

"कोण बोलतंय?" आप्पासाहेबांचा आवाज.

"ऑपरेटर."

लाइन चालू होती, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी चेअरमनच्या खणातला गठ्ठा समोर ओढला.

"साहेब, तुमचे सत्तावीस निरोप आहेत. वाचून दाखवू?"

त्यांनी फोन ठेवला नाही. मी निमोण्यापासून सुरुवात केली.